‘अंदाज’ या शब्दाची जबाबदारी : फी सांगणाऱ्या साधनांच्या माहितीपुस्तिका



आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाल्यावर एका जुन्या विद्यार्थ्याचा निरोप आला : ‘सर, तत्त्वज्ञान आणि ब्लॉकचेनची फी यांचा संबंध काय?’ संबंध आहे, आणि तो वाक्याचा आहे. वाक्याचा अर्थ कसा लागतो, कुणाच्या शब्दावर किती विसंबावं, हे प्रश्न आमच्या विषयात दोन हजार वर्षांपेक्षा जास्त काळ चर्चेत आहेत. आता माहितीपुस्तिकेतलं वाक्य वाचून दुसऱ्याचे पैसे खर्च करणारा एक वाचक आला आहे. त्याला आपण एआय एजंट म्हणतो. त्याच्या हाती जी वाक्यं पडतात, ती कशी लिहिली आहेत, हे आज तपासायचं आहे.

नव्यानं ऐकणाऱ्यांसाठी थोडी पूर्वपीठिका सांगतो. बिटकॉइन किंवा इथेरियमवर व्यवहार पाठवायचा, तर फी द्यावी लागते. ती पोस्टाच्या तिकिटासारखी ठरलेली नसते. प्रत्येक ब्लॉकमध्ये जागा मर्यादित, आणि ती मिळवण्यासाठी पाठवणाऱ्यांची चढाओढ. कमी फी लावली तर व्यवहार ताटकळतो, जास्त लावली तर पैसे फुकट जातात. म्हणून ‘आत्ता किती फी लावू?’ याचं उत्तर देणारी साधनं तयार झाली. बिटकॉइन कोअर या मूळ सॉफ्टवेअरमध्ये ‘एस्टिमेटस्मार्टफी’ नावाची आज्ञा आहे. इथेरियममध्ये ‘एस्टिमेटगॅस’, ‘गॅसप्राइस’, ‘फीहिस्टरी’ अशा चार-पाच आज्ञा आहेत. यांच्या पुस्तिका लिहिल्या गेल्या त्या प्रोग्रामरसाठी. २०२४च्या नोव्हेंबरात मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल जाहीर झाला आणि अशी साधनं एजंटला जोडून देण्याची एक सामाईक रीत मिळाली. त्या रीतीत प्रत्येक साधनाचं नाव, त्याचं वर्णन आणि त्याला काय काय माहिती पुरवायची याचा आराखडा एवढं एजंटपुढे ठेवलं जातं. ते वाचून तो साधन निवडतो आणि वापरतो. वर्णनाचा मजकूर पुष्कळदा जुन्या पुस्तिकेतूनच उचललेला किंवा आखडून घेतलेला असतो.

इथं एक महत्त्वाचा बदल झाला. पूर्वी पुस्तिका वाचणारा प्रोग्रामर शंका आली की थांबायचा, शेजारच्याला विचारायचा, चार आणे पाठवून बघायचा. नुकसान झालं तर निदान त्याच्या कंपनीचं व्हायचं, आणि जाब त्यालाच द्यावा लागायचा. आता वाचणारा एक आणि भरणारा दुसराच, अशी स्थिती आहे. एजंट वाचतो आणि मालकाच्या खिशातून पैसे जातात. मालकानं ते वाक्य कधी डोळ्यांखालून घातलेलंही नसतं. व्यवहार एकदा पक्का झाला की तो उलटवता येत नाही. त्यामुळे पुस्तिकेतल्या वाक्यावर पूर्वी नव्हता इतका भार आला आहे.

तो भार वाक्य पेलतं का, हे मोजायला माप हवं. आम्ही ते घरचंच घेतो. न्यायशास्त्रात वाक्याचा अर्थ कळण्यासाठी तीन अटी सांगितल्या आहेत : आकांक्षा, योग्यता आणि सन्निधि. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त त्या नवशिक्यांसाठी मांडल्या आहेत. काही आचार्य चौथी अट जोडतात, तात्पर्य. या चार अटी लावून आपण या पुस्तिका वाचू.

सुरुवात सन्निधीपासून करू. सन्निधि म्हणजे जवळीक. ‘गाय’ हा शब्द सकाळी उच्चारला आणि ‘आण’ हा दुपारी, तर ऐकणाऱ्याला काही बोध होणार नाही. फीच्या बाबतीत आकडा आणि त्याचं एकक हे दोन शब्द असे जवळ हवेत. जुन्या रिक्षांमध्ये मीटरवरचा आकडा म्हणजे भाडं नसायचं. ड्रायव्हरजवळच्या टॅरिफ कार्डात बघून भाडं काढावं लागायचं, आणि ते कार्ड सापडेपर्यंत भांडण ठरलेलं. बिटकॉइन कोअरची गोष्ट तशीच आहे. ‘एस्टिमेटस्मार्टफी’ उत्तर देते ते दर हजार व्हर्च्युअल बाइटला किती बिटकॉइन, या एककात. पण पैसे पाठवायच्या ‘सेंडटूअॅड्रेस’ या आज्ञेत फीचा दर द्यायचा तो दर एका व्हर्च्युअल बाइटला किती सातोशी, या एककात. या दोन एककांमध्ये एक लाखाचा फरक आहे. अंदाज ०.०००१२ आला, तर पाठवताना १२ लिहायचे.

यावर कडी म्हणजे ‘फंडरॉट्रान्झॅक्शन’ ही आज्ञा. तिच्यात फीच्या दरासाठी दोन वेगवेगळे पर्याय आहेत. दोघांचं नाव ‘फी रेट’च. एकात दोन शब्दांच्या मधे अधोरेखा आहे, दुसऱ्यात अधोरेखा नाही आणि दुसरा शब्द मोठ्या अक्षरानं सुरू होतो. पहिल्याचं एकक सातोशीचं, दुसऱ्याचं बिटकॉइनचं. पुस्तिकेत दोन्ही एककं नीट लिहिलेली आहेत, हे कबूल करायला हवं. बेफाम फी अडवणारी एक मर्यादाही त्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, मूळ सेटिंगमध्ये एका व्यवहारावर ०.१० बिटकॉइनची. तरीही आमचा आक्षेप राहतोच. एकक पानाच्या एका कोपऱ्यात, आकडा दुसऱ्या कोपऱ्यात, आणि दोघांना जोडणारं नाव एका अधोरेखेवर लटकलेलं, याला जवळीक म्हणत नाहीत. आखडून लिहिलेल्या वर्णनात सगळ्यात आधी गळतो तो एककाचाच शब्द.

इथेरियममध्ये आणखी एक पीळ आहे. तिथले आकडे सोळाच्या पायावर, शून्य आणि एक्स असा उपसर्ग लावून येतात. साध्या हस्तांतरणाला २१,००० गॅस लागतो; उत्तरात तो ०एक्स५२०८ असा दिसतो. प्रोग्रामरची आज्ञावली तो रूपांतर करूनच घेते. भाषेच्या मॉडेलसमोर मात्र ते नुसतं अक्षरांचं पान असतं. उपसर्गाकडे दुर्लक्ष झालं की एकवीस हजाराचे पाच हजार दोनशे आठ होतात. ‘हा आकडा सोळाच्या पायावर आहे, आधी दशमानात आणा’ एवढं एक वाक्य उत्तराच्या शेजारी लिहायला काय हरकत आहे?

आता योग्यता. योग्यता म्हणजे शब्दांच्या अर्थांचा मेळ बसणं. विस्तवानं झाडांना पाणी घातलं, असं कुणी म्हटलं तर व्याकरण चुकत नाही, पण आपण थबकतो. ते थबकणं ही माणसाची मोठी संपत्ती आहे. २७ सप्टेंबर २०२१ रोजी डिव्हर्सिफाय या प्लॅटफॉर्मवरून एक लाख डॉलर किमतीचं डिजिटल चलन हलवताना सुमारे ७,६७६ इथर फी भरली गेली. तेव्हाच्या भावानं ती दोन कोटी तीस लाख डॉलरच्या वर जाते. इथं एआयचा संबंध नव्हता. कंपनीनं पुढं दिलेल्या स्पष्टीकरणानुसार, फीच्या आकड्याचं रूपांतर होताना अपूर्णांकाची हाताळणी चुकली होती. ज्याच्या ब्लॉकमध्ये तो व्यवहार गेला, त्यानं बहुतेक सगळी रक्कम परत केली. पण तो त्याचा चांगुलपणा. तशी सक्ती करणारा नियम इथेरियममध्ये नाही.

लाखाच्या मालाला कोटींची हमाली, हे विस्तवानं पाणी घालण्यासारखंच आहे. एखाद्या माणसाच्या डोळ्यांसमोरून तो आकडा गेला असता, तर त्याचा हात थांबला असता. यंत्राला थबकायला शिकवायचं, तर पुस्तिकेत मेळ कशाशी बसवायचा ते सांगावं लागेल : सामान्यपणे हा आकडा कोणत्या मर्यादेत असतो, पाठवायच्या रकमेशी फीचं प्रमाण किती झालं म्हणजे विचारायला जायचं. आम्ही वाचलेल्या दोन्ही पुस्तिकांच्या फी-अंदाजाच्या नोंदींमध्ये असं तारतम्य शिकवणारं वाक्य नाही. प्रोग्रामरकडे तारतम्य असतंच, असं लिहिणाऱ्यांनी धरून चाललं. त्या काळात ते बरोबरही होतं.

तिसरी अट आकांक्षेची. ‘आण’ म्हटलं की ‘काय आण?’ ही अपेक्षा उरते. ती पुरी झाल्याशिवाय वाक्य संपत नाही. ‘फी इतकी’ म्हटल्यावरही अपेक्षा उरते : केव्हासाठी, आणि किती वेळ? इथेरियमच्या संकेतस्थळावरच्या दस्तऐवजात ‘गॅसप्राइस’ ही आज्ञा सध्याच्या दराचा अंदाज देते, असं म्हटलं आहे. उदाहरण म्हणून लगेच पुढं सांगितलं आहे की, बेसू हे सॉफ्टवेअर मूळ सेटिंगमध्ये मागचे १०० ब्लॉक पाहून त्यांतल्या दरांचा मध्यक देतं. दर बारा सेकंदाला एक ब्लॉक, म्हणजे शंभर ब्लॉकला वीस मिनिटं झाली. ‘सध्या’ हा शब्द वीस मिनिटांच्या भूतकाळावर बसवलेला आहे. दस्तऐवजानं ते लपवलेलं नाही, याचं श्रेय त्याला द्यायला हवं. पण वर्णन आखडून घेणारा ‘सध्याचा दर’ एवढंच ठेवतो आणि उदाहरण गाळतो, आणि एजंटला वाटतं आपण घड्याळ पाहतो आहोत.

वीस मिनिटांनी काय बिघडतं, असं कुणी विचारेल. इथेरियममध्ये ५ ऑगस्ट २०२१ रोजी लंडन नावाचा बदल लागू झाला. तेव्हापासून फीचे दोन भाग आहेत : बेस फी आणि टिप. बेस फी सूत्रानं ठरते. ब्लॉक पूर्ण भरला तर ती पुढच्या ब्लॉकला साडेबारा टक्के वाढते, रिकामा गेला तर तेवढीच उतरते. सलग दहा ब्लॉक भरले, म्हणजे दोन मिनिटं गर्दी राहिली, तर बेस फी सव्वातीनपटीच्या जवळ जाते. आता असा एजंट डोळ्यांसमोर आणा, जो फी विचारतो, मग मालकाची परवानगी मागतो, मालक चहा पिऊन उत्तर देतो, आणि मग व्यवहार जातो. मधल्या वेळात आकडा शिळा झाला. औषधाच्या पट्टीवर मुदत छापलेली असते. अंदाजावर का नसावी?

बिटकॉइनच्या पुस्तिकेनं इथं बरीच काळजी घेतली आहे. किती ब्लॉकच्या आत व्यवहार पक्का व्हायला हवा, हे तिथं सांगावंच लागतं. १ ते १००८ पर्यंत, म्हणजे साधारण एका आठवड्यापर्यंत. उत्तरातही तो अंदाज किती ब्लॉकसाठी सापडला, ते परत सांगितलेलं असतं. हे महत्त्वाचं आहे, कारण तुम्ही १ मागितलात तरी साधन २ च्या खाली जात नाही. ही गोष्ट पुस्तिकेत लिहिलेली आहे. पण मागितलेला आणि मिळालेला आकडा ताडून पाहा, असं सांगणारं वाक्य मात्र नाही. घाईत असलेला एजंट फीचा दर उचलतो आणि पुढं जातो.

चौथी अट तात्पर्याची, आणि आमच्या मते सगळ्यात मोठी उणीव इथं आहे. सैंधव म्हणजे मीठ आणि सैंधव म्हणजे सिंधू देशाचा घोडा. जेवायला बसलेल्यानं सैंधव मागितलं आणि सेवकानं घोडा आणून उभा केला, तर शब्दकोशाच्या बाजूनं तो निर्दोष आहे. या पुस्तिकांतला ‘अंदाज’ हा शब्द असाच आहे. इथेरियममध्ये एका व्यवहाराची फी ठरवायला तीन आकडे लागतात. तिन्हींना आपण सरसकट अंदाज म्हणतो, आणि तिन्ही वेगळ्या जातीचं ज्ञान आहेत.

पहिला आकडा, किती गॅस लागेल. तो काढताना साधन तो व्यवहार आत्ताच्या स्थितीवर खोटाखोटा चालवून पाहतं. ही रंगीत तालीम आहे. प्रयोगाच्या वेळी रंगमंच तसाच राहिला, तर आकडा टिकतो. मधे दुसऱ्या कुणी स्थिती बदलली, तर टिकत नाही. दुसरा आकडा, पुढच्या ब्लॉकची बेस फी. हे गणित आहे. मागचा ब्लॉक किती भरला ते ठाऊक असलं की पुढचा आकडा चुकूच शकत नाही. तिसरा आकडा, टिप. इथं मात्र बाकीचे लोक काय बोली लावतील, याचा मागच्या अनुभवावरून केलेला तर्क आहे. नैयायिक याला अनुमानाचा दर्जा देणार नाहीत, कारण अनुमानाला न चुकणारं साहचर्य लागतं, ते व्याप्ती म्हणतात ते. इथं आहे ती संभावना. बिटकॉइनचा अंदाजही याच जातीचा.

तालीम, गणित आणि संभावना. तिन्हींवर सारखा विश्वास टाकणं धोक्याचं आहे, आणि तिन्हींवर सारखा अविश्वास दाखवणंही वायफळ आहे. जो एजंट तिन्हींना संभावना समजेल, तो भीतीपोटी सगळ्यांत भर घालून मालकाचे पैसे उधळेल. जो तिन्हींना गणित समजेल, त्याचा व्यवहार अडकेल, किंवा गॅस मधेच संपून फसेल. आणि फसला तरी वापरलेल्या गॅसची फी जातेच. पुस्तिकेनं सांगायला हवं होतं ते एवढंच : हा आकडा कुठल्या जातीचा आहे. ‘फीहिस्टरी’च्या वर्णनात हे एका जागी साधलं आहे. पुढच्या ब्लॉकची बेस फी उत्तरात दिली आहे, आणि ती आत्ताच्या ब्लॉकवरून काढता येते म्हणून दिली आहे, असं कारणही सांगितलं आहे. याउलट ‘एस्टिमेटगॅस’च्या वर्णनात आकडा प्रत्यक्षापेक्षा बराच जास्त असू शकतो, असा इशारा आहे; स्थिती बदलली तर तो कमीही पडू शकतो, याचा उल्लेख त्या वाक्यात नाही. आणि फसवणारी बाजू तीच आहे.

अज्ञानाची नोंद कशी करावी, याचा धडा मात्र बिटकॉइनच्या पुस्तिकेकडून घ्यावा. पुरेसे व्यवहार पाहिलेले नसतील, तर ते साधन फीचा आकडा देतच नाही. त्या जागी त्रुटीचा मजकूर येतो. ‘माहीत नाही’ म्हणायला जागा ठेवलेली आहे. शून्य किंवा एखादा ठोकळ आकडा देऊन वेळ मारून नेलेली नाही. आमच्या मते या सगळ्या पुस्तिकांमधली ही सर्वांत प्रामाणिक ओळ आहे.

आता जोडणाऱ्यांविषयी. मूळ पुस्तिकांवर वर्णनाचा नवा थर चढतो, तेव्हा ‘अचूक’, ‘तत्काळ’, ‘सर्वोत्तम’ अशी विशेषणं सहज येतात. मीमांसकांनी वाक्यांचे विधी आणि अर्थवाद असे भाग पाडले. विधी म्हणजे काय करायचं ते सांगणारं वाक्य, अर्थवाद म्हणजे त्याची स्तुती. स्तुतीवरून थेट कृती करायची नसते. माणूस जाहिरातीतली विशेषणं सवयीनं गाळून वाचतो. एजंटसमोर मात्र ती त्याच ओळीत, त्याच वजनानं येतात, आणि चार साधनांतून एक निवडताना ‘सर्वोत्तम’ हाच शब्द निर्णायक ठरू शकतो. खुद्द मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलनंही साधनाविषयीच्या काही खुणांना नुसतं ‘सूचक’ म्हटलं आहे, आणि देणारा विश्वासू नसेल तर त्यांवर विसंबू नये असं बजावलं आहे. शब्दप्रमाण मानायचं ते आप्ताचं, हे आमच्याकडचं जुनं म्हणणं तिथं वेगळ्या वेषात भेटलं, याचा आनंद वाटला.

दोन आक्षेप येतील, त्यांचाही विचार करू. पहिला असा की, एजंटला हे सगळं आधीच ठाऊक असतं, एवढं समजावून कशाला सांगायचं? ठाऊक असतं, पण काय ठाऊक असतं? त्यानं वाचलेल्या मजकुरात २०२१च्या आधीचं लिखाणही आहे, जेव्हा बेस फी नव्हतीच आणि सगळी फी बोलीवर ठरायची. दोन युगांचं ज्ञान त्याच्याकडे एकत्र नांदतं. त्यातलं कुठलं आत्ता लागू आहे, हे समोरच्या पुस्तिकेनंच सांगायचं असतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. शब्दांवर कशाला विसंबता, प्रोग्राममध्येच कमाल मर्यादा घाला, म्हणजे झालं. मर्यादा हवीच, बिटकॉइन कोअरची वर सांगितली. इथेरियममध्येही पाठवणारा कमाल दर लिहितो, आणि प्रत्यक्षात लागलेला दर त्याहून कमी असेल तर वरचे पैसे घेतले जात नाहीत. पण ही मर्यादा किती ठेवायची, हे कोण ठरवणार? बेस फीच्या दुप्पट ठेवली, तर ती सलग पाच वाढी सोसते आणि सहाव्या वाढीला मागं पडते. पाच पुरतील की नाही, हे व्यवहाराच्या घाईवर अवलंबून आहे. तो विचार शब्दांत मांडल्याशिवाय एजंटला करता येत नाही, आणि मालकाला तपासता येत नाही. कुंपण घातलं म्हणून पाटी लावायची नाही, असं होत नाही.

तेव्हा आमचा निवाडा असा. दोन्ही पुस्तिका ज्या वाचकासाठी लिहिल्या, त्याच्यासाठी चांगल्या आहेत. बिटकॉइनची थोडी उजवी, कारण तिला आपलं अज्ञान सांगता येतं. नव्या वाचकासाठी मात्र त्या अपुऱ्या आहेत, आणि त्यांना आखडून एजंटच्या हाती देणारे त्या आणखी अपुऱ्या करतात. नुसती टीका करून उठणं बरं नव्हे, म्हणून एका नोंदीचा नमुना सांगतो : ‘आकडे वेईमध्ये, दशमानात आहेत. एक इथर म्हणजे एकावर अठरा शून्यं इतके वेई. बेस फी गणितानं काढली आहे आणि फक्त पुढच्या ब्लॉकपुरती खरी आहे. त्यानंतर दर ब्लॉकला साडेबारा टक्क्यांपर्यंत बदलू शकते. टिप हा मागच्या वीस ब्लॉकवरून केलेला तर्क आहे. गॅसचा आकडा आत्ताच्या स्थितीवरचा आहे, कमीही पडू शकतो. एक मिनिट उलटलं तर पुन्हा विचारा. एकूण फी मालकानं ठरवून दिलेल्या मर्यादेबाहेर गेली तर पाठवू नका, मालकाला विचारा.’

सात-आठ वाक्यं आहेत. यात नवं तंत्र काही नाही. एकक आकड्याशेजारी आलं, मुदत आली, ज्ञानाची जात आली, आणि थबकायची जागा आली. ज्याचे पैसे जाणार आहेत, त्याला ही नोंद उद्या वाचून दाखवली तर तीही त्याला कळेल. पुस्तिका लिहिणाऱ्यानं शेवटी हीच परीक्षा घ्यावी, असं आम्हाला वाटतं.

आता तुमचे प्रश्न घेऊ. ज्यांना तांत्रिक बाजूवर विचारायचंय, त्यांनी अवश्य विचारा. मंडळींमध्ये या क्षेत्रातली तरुण माणसं आहेत, ती आमच्यापेक्षा चांगली उत्तरं देतील.